पासष्टाव्या मिनिटाला बाहेर कोण आलं?

होस्टेलवर कोणी 'तू कुठची गं?' असं विचारलं आणि मी 'भोपाळची' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. एक तर गॅसकांड, नाहीतर तलाव. एखादी विचारते, 'मग तुला मराठी कसं येतं?' हॉकीबद्दल मात्र आजवर एकीनेही विचारलेलं नाही. त्यामुळे अंकासाठी लिही म्हटल्यावर मला विषय शोधावा लागला नाही.

माझे आजोबा मूळचे मुलताईचे, म्हणजे बैतूल जिल्ह्यातले, तापीच्या उगमापाशी. नोकरीसाठी ते भोपाळला भेलमध्ये आले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, बाहेर 'को खाँ, क्या चल रिया है'. जुन्या भोपाळात रात्री दुकानं बंद झाली की लोक दगडी पटियांवर बसून गप्पा मारतात. आजोबा तरुणपणी तिथे जात आणि तिथे ऐकलेली एक गोष्ट त्यांनी आम्हां नातवंडांना इतक्या वेळा सांगितली, की आम्ही ती त्यांच्याआधी म्हणून दाखवायचो. ती गोष्ट अस्लम शेर खानची.

तुमच्यासाठी थोडक्यात सांगते. मार्च १९७५, क्वालालंपूर, हॉकीचा विश्वचषक. उपांत्य सामना भारत आणि यजमान मलेशिया यांच्यात. भारत १-२ ने मागे. तेव्हा सामना सत्तर मिनिटांचा असे, पस्तीस-पस्तीसचे दोन भाग. त्यातली पासष्ट मिनिटं झालेली. भारताला मिळालेले पेनल्टी कॉर्नर एकामागून एक वाया गेलेले. अशात आणखी एक पेनल्टी कॉर्नर मिळाला, आणि संघाचे मॅनेजर बलबीर सिंग यांनी बाकावर बसलेल्या एकवीस वर्षांच्या भोपाळी पोराला आत पाठवलं. तो आला, गळ्यातल्या ताविजाचं चुंबन घेतलं आणि चेंडू गोलमध्ये मारला. २-२. जादा वेळेत हरचरण सिंगने तिसरा गोल केला आणि भारत अंतिम फेरीत पोचला.

आजोबांची गोष्ट ताविजापाशी संपायची. 'बस, चूमा और मारा!' असं म्हणून ते हातातली काठी हॉकी स्टिकसारखी फिरवायचे. आजी कप-बशा उचलायची.

मोठी झाल्यावर मी याबद्दल वाचायला लागले तेव्हा एक साधा प्रश्न पडला. एक जण आत गेला म्हणजे एक जण बाहेर आला असणार ना? तो कोण?

तो मायकेल किंडो. आजच्या झारखंडमधल्या सिमडेगा जिल्ह्यातला आदिवासी मुलगा, सैन्यात राहून हॉकी खेळलेला, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलेला फुलबॅक. आता हे नीट समजून घ्यायचं तर त्या वेळचा नियम बघावा लागतो. आज हॉकीत खेळाडू सतत आत-बाहेर करत असतात, दोन मिनिटं खेळला, दम खाल्ला, परत आत. तेव्हा तसं नव्हतं. बदली मोजक्याच, आणि एकदा बाहेर आलेला माणूस त्या सामन्यात परत जाऊ शकत नसे. म्हणजे बलबीर सिंगांनी एका फटक्यासाठी आपला अनुभवी बचावपटू कायमचा बाहेर काढला. गोल झाला नसता तर? किंडोंच्या जागी मी असते तर बाकावर बसून काय वाटलं असतं, याचा मी बराच विचार केला आहे. आपला माणूस गोल मारो असं वाटलं असतं हे नक्की. पण फक्त तेवढंच वाटलं असतं का?

पेनल्टी कॉर्नरही तेव्हा वेगळा होता. आता ड्रॅग फ्लिकर चेंडू स्टिकवर घेऊन गोफणीसारखा फेकतो. तेव्हा गवतावर खेळ. एक जण गोलरेषेवरून चेंडू ढकलायचा, तो गवतातून उसळ्या घेत डीच्या टोकापर्यंत यायचा. तिथे दुसरा जण वाकून चक्क हाताने तो थांबवायचा. हे तेव्हा नियमात बसायचं, पुढे बंद झालं. आणि मग तिसरा मारायचा. समोरून बचावपटू अंगावर धावत येत असतात आणि सगळं मिळून दीड-दोन सेकंद. हात इंचभर चुकला की मारणारा कितीही मोठा असो, फटका वाया. म्हणजे अस्लमच्या त्या गोलमध्ये ढकलणारा आहे, थांबवणारा आहे, बाहेर बसलेला किंडो आहे. त्याआधी ०-१ अशी पिछाडी असताना बरोबरी साधणारा शिवाजी पवारही आहे. (हे नाव मी आजोबांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, 'अरे, आपला माणूस होता आणि इतकी वर्षं मी सांगितलंच नाही!')

बलबीर सिंगांबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण संघ असा बांधला जातो हे मला त्यांच्यामुळे कळलं. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेला हा माणूस. विश्वचषकाचं सराव शिबिर चंदीगडला पंजाब विद्यापीठात होतं, तेव्हा ते खेळाडूंबरोबर होस्टेलवर राहिले. शिबिर चालू असतानाच त्यांचे वडील गेले. अंत्यसंस्कार करून ते लगेच परत आले. आणि क्वालालंपूरला शुक्रवारी अस्लमला नमाजाला जायचं होतं, तेव्हा ते स्वतः त्याला मशिदीत घेऊन गेले. ज्या मुलाला आपण बहुतेक सामन्यांत बसवून ठेवलं, त्याच्यासाठी. मला ताविजापेक्षा ही गोष्ट जास्त आवडते.

अंतिम सामना १५ मार्चला, पाकिस्तानशी. पाकिस्तानने आधी गोल केला, सुरजित सिंगने बरोबरी केली, आणि विजयी गोल अशोक कुमारचा. चेंडू खांबाच्या आतल्या बाजूला लागून बाहेर आला, पंचांनी गोल दिला, पाकिस्तानचे खेळाडू वाद घालत राहिले. २-१. आपला हॉकीतला पुरुषांचा विश्वचषक तो एकच.

आता या दोघांची एक गंमत. अशोक कुमार हा ध्यानचंदांचा मुलगा. अस्लमचे वडील अहमद शेर खान. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदक मिळवलेल्या संघात अहमद शेर खान होते. त्याच संघात भोपाळचेच अहसान मोहम्मद खानही होते. म्हणजे बाप एका संघात, आणि एकोणचाळीस वर्षांनी मुलगेही एका संघात. उपांत्य सामना वाचवणारा गोल एकाचा, अंतिम सामना जिंकून देणारा दुसऱ्याचा. भोपाळच्या पटियांवर हे कोणी 'योगायोग' म्हणत नाही. तिथल्या म्हाताऱ्यांच्या मते हॉकी रक्तातच असते. मला ते पटत नाही. किंडोंच्या रक्तात कुठलं ऑलिंपिक होतं?

पुढचं फार गोड नाही. १९७६ ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातवा आला. गवतावर वाढलेली भोपाळची पोरं अशी मैदानं कुठून आणणार? १९८२ मध्ये अस्लमने आत्मकथन लिहिलं, त्याचं नावच 'टु हेल विथ हॉकी'. विश्वविजेता माणूस असं नाव देतो तेव्हा काय समजायचं ते समजा. नंतर तो राजकारणात गेला, १९८४ आणि १९९१ मध्ये बैतूलमधून खासदार झाला. म्हणजे आमच्या मुलताईचाच खासदार. आजोबांच्या गावाकडच्या भावाने त्याला मत दिलं आणि कारण विचारल्यावर म्हणाला, 'मलेशियाच्या गोलचं देणं होतं.' राजकारणाचं एवढंच.

अशोक कुमार पुढे भोपाळच्या राज्य हॉकी अकादमीत प्रशिक्षक म्हणून आले. अकोल्यात एका स्पर्धेत त्यांना इटारसीकडचा एक पोरगा खेळताना दिसला आणि त्यांनी त्याला अकादमीत आणलं. तो विवेक सागर प्रसाद, टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलेल्या आपल्या संघात होता.

मायकेल किंडो ३१ डिसेंबर २०२० ला राउरकेलात गेले. बातमी मी फोनवर वाचली आणि आजोबांना सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'ज्याच्या जागी अस्लम गेला, तोच ना?' संध्याकाळी माझा धाकटा मावसभाऊ आला आणि त्याने नेहमीची गोष्ट सांगा म्हणून हट्ट धरला. आजोबांनी काठी हातात घेतली, आणि सुरुवात केली, 'पासष्टावं मिनिट होतं. बलबीरने मायकेलला बाहेर बोलावलं...'