तांबड्या पेशीची साखर

मध्य भारतातील गोंड आणि अन्य आदिवासी समाजांत सिकलसेल व जी-सिक्स-पीडी या विकराची उणीव असे रक्ताचे दोन आनुवंशिक दोष आढळतात, आणि १९८४ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जबलपूर येथे स्थापन केलेली आदिवासी आरोग्य संशोधन संस्था त्यांचा अभ्यास करीत आली आहे. साखर आणि पूरक औषधे यांचे पेशीशी नेमके काय नाते असते, हे या दोन दोषांच्या आधारे जितके स्पष्ट होते तितके जाहिरातींतील सर्वसाधारण उपदेशावरून होत नाही.

रक्तातील तांबडी पेशी ही शरीरातील विलक्षण पेशी आहे. तिला केंद्रक नसते आणि अन्नातून ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकाही नसतात, त्यामुळे सुमारे १२० दिवसांचे आयुष्य तिला केवळ ग्लुकोजवर काढावे लागते. हे ग्लुकोज ती इन्सुलिनची वाट न पाहता आत घेते आणि त्याचा बराचसा भाग ऊर्जेसाठी विघटित करते. उरलेला, साधारणपणे दहाव्या हिश्शाहून अधिक नसलेला भाग मात्र दुसऱ्या मार्गाने जातो, आणि त्या मार्गाच्या तोंडाशीच जी-सिक्स-पीडी हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, काम करते. या मार्गावर तयार होणारे द्रव्य ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूला पुन्हा कार्यक्षम करते आणि प्राणवायूच्या विध्वंसक रूपांपासून पेशीचा बचाव होतो. विकर अपुरे असेल तर कितीही गोड खाल्ले तरी हा बचाव वाढत नाही, कारण उणीव कच्च्या मालाची नसून तो वापरणाऱ्या यंत्रणेची असते. एरवी निरोगी दिसणाऱ्या अशा माणसाला हिवतापावरील प्रायमाक्वीन दिले असता तांबड्या पेशी झपाट्याने फुटू शकतात. व्हायवॅक्स हिवतापात यकृतात दडलेल्या जंतूंसाठी हे औषध सहसा १४ दिवस द्यावे लागत असल्याने हिवतापाच्या प्रदेशात या विकराच्या तपासणीला विशेष महत्त्व येते. एरवी निरुपद्रवी मानले जाणारे क जीवनसत्त्वदेखील शिरेतून मोठ्या मात्रेत दिल्यास अशा व्यक्तींत पेशी फुटल्याच्या नोंदी आहेत.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनचे रेणू प्राणवायू कमी होताच एकमेकांना चिकटतात, पेशी विळ्याच्या आकाराची होते आणि बहुधा १० ते २० दिवसांतच नष्ट होते. याचा एक परिणाम साखरेच्या मापनावर होतो, आणि तो सहसा दुर्लक्षिला जातो. मधुमेहासाठी केली जाणारी एचबीएवनसी चाचणी हिमोग्लोबिनला कालांतराने चिकटलेले ग्लुकोज मोजते. पेशीच अल्पायुषी असेल तर ग्लुकोज चिकटण्यास अवधी मिळत नाही आणि रक्तातील साखर वाढलेली असूनही आकडा दिलासादायक येतो. अशा रुग्णात उपाशीपोटीची साखर किंवा रक्तातील प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी फ्रुक्टोसामीन चाचणी अधिक भरवशाची ठरते.

पूरक औषधांचा विचारही याच रीतीने करावा लागतो. नव्या पेशी सतत घडवणाऱ्या अस्थिमज्जेला फॉलिक आम्लाची गरज वाढते, म्हणून सिकलसेलच्या रुग्णांना ते दिले जाते. लोहाची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण फुटलेल्या पेशींतील बरेचसे लोह शरीरातच राहते आणि वारंवार रक्त दिल्याने त्यात भर पडते. त्यामुळे सरकारी वाटपातील लोह व फॉलिक आम्लाची एकत्रित गोळी पंडुरोगावर सर्वत्र उपयुक्त असली तरी सिकलसेलच्या रुग्णाने लोहाची कमतरता तपासून घेतल्याशिवाय ती घेऊ नये. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. रुग्ण कोण हे कळल्यावरच कोणती गोळी कोणाला द्यावी हे ठरवता येते.

आहारातील प्रथिनांचा घटक असलेल्या ग्लुटामिनला २०१७ मध्ये अमेरिकेत सिकलसेलवरील औषध म्हणून मान्यता मिळाली, तर युरोपच्या औषध नियामकांचे २०१९ मध्ये त्याच्या पुराव्याने समाधान झाले नाही. दुकानात व्यायामपटूंसाठी विकले जाणारे ग्लुटामिन रासायनिकदृष्ट्या तेच असले, तरी रुग्णावरील प्रयोगांत वजनानुसार ठरवलेली मात्रा दिवसातून दोनदा दिली गेली होती, आणि तीही बहुतेकांत हायड्रॉक्सीयुरिया हे मुख्य औषध चालू ठेवूनच.