वाळवीच्या शेतातल्या दोन अळंब्या

कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या रानांत पावसाळ्यात वारुळांच्या आसपास उगवणाऱ्या, चवीने खाल्ल्या जाणाऱ्या अनेक अळंब्या ‘टर्मिटोमायसीस’ या एकाच प्रजातीतील असून, फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये स्थापन केलेल्या या प्रजातीचे जगणे वाळवीशी बांधलेले आहे. वाळवीचे कामकरी खाल्लेला पालापाचोळा विष्ठेच्या रूपाने रचून जमिनीखाली स्पंजासारखी सच्छिद्र पोळी तयार करतात. तिच्यावर वाढणारे टर्मिटोमायसीस कवकाचे तंतू लिग्निन हा लाकडातील चिवट घटक फोडतात, आणि अशा रीतीने पचनसुलभ झालेली पोळी वाळवी खाते.

मात्र बीजाणू, म्हणजे कवकाच्या पुनरुत्पादनाचे सूक्ष्म कण, वाऱ्यावर सोडायचे तर अळंबीची छत्री जमिनीवर यावीच लागते, आणि या एकाच अडचणीतून दोन जातींनी काढलेल्या वाटा अगदी निराळ्या आहेत. ‘टर्मिटोमायसीस हाइमी’ ही जाती स्वतःच्या बळावर वर येते: पोळीपासून निघालेला तिचा देठ लांब, निमुळत्या ‘छद्ममुळा’च्या (मुळासारखा दिसणारा, पण प्रत्यक्षात देठाचाच असलेला भाग) रूपाने माती भेदत जातो, टोपीच्या मध्यावरचा घट्ट उंचवटा वाट फोडतो, आणि वर आलेल्या मांसल पांढऱ्या अळंबीच्या देठाभोवती जाड कडे दिसते. ‘टर्मिटोमायसीस मायक्रोकार्पस’ एवढे कष्ट घेतच नाही. पावसाळ्यात वाळवीच पोळीचे तुकडे बाहेर आणून जमिनीवर पसरते आणि त्यांवर जेमतेम दोन सेंटिमीटर टोपीच्या, कडे व छद्ममूळ दोन्ही नसलेल्या अळंब्यांचे दाट थवे उगवतात. आपल्याच शेतातला माल वाळवी अंगणात का आणून टाकते, हा प्रश्न खरे तर छत्रीपेक्षाही रंजक आहे.

वेचणाऱ्यांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण मायक्रोकार्पस वरच्यावर खुडता येते, तर हाइमीचा पूर्ण देठ मिळवण्यासाठी खणत गेल्यास खालच्या पोळीलाच धक्का बसू शकतो. शिवाय या प्रजातीतील बहुतेक जातींबाबत, नव्या वसाहतीतील पहिले कामकरी कवकाचे बीजाणू बाहेरूनच गोळा करतात, त्यामुळे सगळ्याच अळंब्या मिटलेल्या असताना खुडल्यास त्या परिसरातल्या नव्या वारुळांना बीज मिळण्याची शक्यता घटते. लागवडीच्या धिंगरी अळंबीप्रमाणे भाताच्या पेंढ्यावर टर्मिटोमायसीस अळंबी उगवत नाही. प्रयोगशाळेत तिचे तंतू वाढतात, पण विक्रीजोगे पीक काढणे अद्याप साधलेले नसल्याने बाजारात येणारी प्रत्येक जुडी रानातूनच येते.