बुरुजांवर संतांचा पहारा

वसईच्या कोटाच्या बुरुजांना पोर्तुगीजांनी बहुतेक संतांची नावं दिली होती. सेंट सेबास्टियन, सेंट जॉन, सेंट पॉल, सेंट पीटर, सांतियागो. तोफा याच संतांच्या माथ्यावर चढवलेल्या असत. चर्च आणि तटबंदी यांचं इतकं घट्ट नातं पालघर जिल्ह्यात दुसरीकडे क्वचितच दिसेल.

मध्ययुगीन इंग्लंडमध्येही कॅथेड्रलच्या आवाराला भिंत घातली जाई, पण ती गावापासून वेगळं राहण्यासाठी. एक्सेटरला 1283 साली वॉल्टर लेचलेड हे धर्माधिकारी पहाटेची प्रार्थना आटोपून निघाले आणि आवारातच त्यांचा खून झाला. तीन वर्षांनी राजानं भिंत आणि दरवाजे बांधायला परवानगी दिली. सॉल्झबरीला ती 1327 मध्ये मिळाली आणि जुन्या, मोडलेल्या कॅथेड्रलचे दगड भिंतीला लागले. तिथले दरवाजे रात्री आजही बंद होतात.

वसईत भिंतीला शत्रू दर्यातूनही येणार होता आणि जमिनीवरूनही. 1534 च्या तहानं गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1536 मध्ये बालेकिल्ला उठला आणि पुढे त्याभोवती तीस फुटांहून उंच तटाचं शहर वसलं. आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा सगळ्यांची चर्चं आणि मठ. गावाचं मुख्य चर्च सेंट जोसेफचं. त्याच्या दारावरच्या शिलालेखात 1601 हे साल आणि गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांचं नाव आहे. त्याचा मनोरा तटापलीकडूनही नजरेत भरतो.

जमिनीकडच्या दरवाजातून आत शिरणाऱ्याला सरळ वाट मिळत नाही. बाहेरचं दार ओलांडलं की भिंतींमधल्या चौकात वळावं लागतं, आणि मग आतलं दार. वरून मारा करायचा तर शत्रू तेवढा वेळ तिथे अडकलेला. मला या कोटातलं सर्वांत हुशार बांधकाम हेच वाटतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या आपल्या किल्ल्यांची गोमुखी बांधणी पाहिलेल्याला त्यामागचा विचार लगेच ओळखू येईल.

जानेवारी 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या मराठा फौजेनं आधी तारापूर घेतलं. समुद्राकाठच्या त्या कोटाखाली बाजी भिवराव रेठरेकर पडले. बोईसरहून तारापूरला रोज जाणाऱ्या किती कमी जणांना त्यांचं नाव ठाऊक असेल, याची मला खंत वाटते. मग वसई. दरवाजे फुटत नव्हते, म्हणून मराठ्यांनी तटाखाली सुरुंग भरले, आणि मे महिन्यात सेंट सेबास्टियनचा बुरूज उडाला. 16 मे रोजी काएतानो द सोझा परेरा यांनी पोर्तुगीजांच्या वतीनं शरणागतीच्या अटींवर सही केली. पोर्तुगीज सन्मानानं बाहेर पडले, पण चर्चच्या घंटा मागे राहिल्या. त्यांतली 1721 ची नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे, 1707 ची मेणवलीच्या घाटावर.

तटाच्या आतली चर्चं मात्र ओस पडली. कोटाच्या जिवावर जे उभं होतं ते कोटाबरोबर गेलं. गावागावांत, वाड्यांमध्ये राहणाऱ्या कुपारी नि कोळी ख्रिस्ती कुटुंबांचा धर्म टिकला. याच वसईत जन्मलेले आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेलेले संत गोन्सालो गार्सिया त्यांना आजही आपले वाटतात. 1998 मध्ये वसईला स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला, तेव्हा कॅथेड्रलचा मान पापडीच्या चर्चला गेला. पापडी कोटाबाहेर आहे.