'बे', 'जी' आणि 'मेट'

वऱ्हाडातला मुलगा पुण्या-मुंबईस शिकायला गेला की पहिल्या आठवड्यातच त्याला एक बिरुद मिळते : उद्धट. त्याने कोणाला शिवी दिलेली नसते की कोणाचा अपमान केलेला नसतो. 'सर, तुमी कवा येऊन राहिले?' एवढेच त्याने विचारलेले असते, किंवा खोलीतल्या सोबत्याला 'काय करून राहिला बे?' असे म्हटलेले असते. ऐकणारा दचकतो, दुसरा हसतो. मग हा मुलगा हळूहळू बोलणेच कमी करतो. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही गप्प बसतो आणि सुटीत घरी आला की आईशीसुद्धा जपून, छापील मराठीत बोलू लागतो. बोरी अरबच्या परिसरातील असा एखादा तरी विद्यार्थी आपणा प्रत्येकाच्या परिचयाचा असेल. दोष त्याच्या बोलीचा की ऐकणाऱ्याच्या कानाचा, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

'बे' हा हिंदीतल्या 'अबे'चा सख्खा भाऊ. परंतु आपल्याकडे तो कोणी कोणालाही लावीत नाही. बरोबरीच्या मित्राला 'बे', धाकट्याला 'बे'. वडीलधाऱ्याला कधीच नाही. मामाला, मास्तरांना, पाहुण्याला 'जी' : 'काय म्हनता जी?', 'हाव जी.' बायकांचे आपसातले 'वं' निराळे, आणि पुरुषाने परक्या बाईला 'वं' म्हटले तर गावात दोन दिवस चर्चा होईल. नवख्या माणसाशी पहिल्या भेटीत 'बे' चालत नाही. तो कधी सुरू करायचा याची तारीख कोणी ठरवीत नाही, पण ती चुकत मात्र नाही. उलट, रोज 'का बे' म्हणणारा मित्र एके दिवशी 'काय म्हणता?' असे विचारू लागला, तर समजावे की काहीतरी बिनसले आहे. प्रमाण मराठीत 'तुम्ही' आणि 'आपण' जे काम करतात, ते काम येथे 'बे' आणि 'जी' करतात. 'येऊन राहिले' हा तर निव्वळ व्याकरणाचा प्रकार आहे. 'येत आहे' याचे ते वऱ्हाडी रूप; त्यात आदरही नाही, अनादरही नाही.

लंडनच्या इंग्रजीपुढे ऑस्ट्रेलियाच्या इंग्रजीची स्थिती बरीचशी अशीच होती. तिकडचे उच्चार आणि शब्द गावंढळ मानले जात. आता विदर्भातील मुलेही तिकडे शिकावयास जात असल्याने ही तुलना अगदीच दूरची राहिलेली नाही. तेथील माणूस मित्राला, दुकानदाराला आणि रस्त्यातल्या अनोळखी माणसालाही 'मेट' म्हणतो. मेट म्हणजे सोबती, आपल्या भाषेत 'गड्या'. नावे तोडण्याची हौस तर थेट आपल्यासारखी : बॅरीचा बॅझा, शॅरनची शॅझा. आपल्या गणेशचा गण्या आणि सुरेशचा सुऱ्या होतो, तसेच हे. एकटा प्रवासी टॅक्सीत बसला तर पुष्कळदा पुढे, चालकाच्या शेजारी बसतो. मागे बसणे म्हणजे मालकी दाखवणे, ही त्यामागची समजूत.

ऑगस्ट २००५ मध्ये कॅनबेरा येथील संसद भवनातील सुरक्षारक्षकांना आदेश मिळाला की, येणाऱ्या-जाणाऱ्यांना 'मेट' म्हणू नये. त्यावर एवढा गदारोळ झाला की एका दिवसात आदेश मागे घ्यावा लागला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनीही त्या बंदीला नावे ठेवली. पहारेकऱ्याने खासदाराला 'गड्या' म्हणण्याचा हक्क एका देशाला एवढा मोलाचा वाटावा, ही गोष्ट मला आवडली.

शिवराळ शब्दांची कथा याहून मौजेची आहे. ऑस्ट्रेलियात 'ब्लडी' हा शब्द संभाषणात मिठासारखा पडतो. २००६ मध्ये त्या देशाच्या पर्यटन खात्याने आपल्या जाहिरातीतच तो वापरला. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर प्रथम तिला मनाई झाली, पुढे ती उठली. आपल्याकडे 'इचीन' हा असाच शब्द. मुळात तो शिवीचा तुकडा असला, तरी आता त्यात शिवी उरलेली नाही. आश्चर्य, वैताग, कौतुक, सगळे त्यात मावते. आपल्या बोरी अरबचे सुपुत्र, लोककवी शंकर बडे (१९४७–२०१६) यांनी पावसावरच्या आपल्या प्रसिद्ध कवितेत तो निःसंकोचपणे घेतला, आणि सभागृहातल्या बायाबापड्यांनी त्यावर कधी कान झाकले नाहीत. 'इरवा', 'सगुन' हे त्यांचे संग्रह आणि 'बॅरिस्टर गुलब्या' हा त्यांचा एकपात्री प्रयोग ज्या बोलीत उभा राहिला, ती हीच चावडीवरची, वावरातली बोली. आपल्याच गावचा माणूस ही बोली व्यासपीठावर ताठ मानेने बोलला, हे वसतिगृहात तोंड मिटून बसणाऱ्या मुलाला कोणीतरी सांगावयास हवे. मात्र वर्गात प्राध्यापकांसमोर 'इचीन' म्हणू नये, हेही तितकेच खरे. तो शब्द कोठे शोभतो हे कळणे हाच तर त्यातला शिष्टाचार!

आता चहाकडे वळू. आपल्या घरी पाहुणा आला की आधी पाण्याचा गडवा पुढे येतो. मग 'चा मांडू का?' असा प्रश्न. त्याचे खरे उत्तर देणे असभ्यपणाचे. 'राहू द्या, आत्ताच झाला' असे पाहुण्याने म्हणावयाचे. 'असा कसा जाता, अर्धा कप तरी घ्या' असे घरच्यांनी म्हणावयाचे. आणि तिसऱ्या वेळेस, जणू यजमानावर उपकार म्हणून, कप हाती घ्यावयाचा. या साऱ्या खटाटोपात यजमानाची आर्थिक अडचण असेल तर त्याला सुटायला वाट मिळते आणि पाहुणा अधाशी ठरत नाही. ऑस्ट्रेलियात हाच पाहुणा उपाशी राहील. तेथे एकदाच विचारतात, आणि 'नको' म्हटले की नको. नवागताची दुसरी फजिती ताटामुळे होते. मेजवानीच्या निमंत्रणात 'येताना ताट घेऊन या' असे असते. त्याचा अर्थ एखादा पदार्थ करून आणा. कित्येक स्थलांतरित बिचारे रिकामे ताट घेऊन गेल्याच्या गोष्टी तिकडे सांगितल्या जातात! मद्यालयात मित्रमंडळी बसली की प्रत्येकाने पाळीपाळीने सर्वांसाठी पेये आणावयाची. त्याला 'शाउट' म्हणतात. आपली पाळी येण्याआधी उठून जाणारा मनुष्य लोकांच्या मनातून कायमचा उतरतो. बसथांब्यावरच्या चहाच्या टपरीवर आपल्याकडे वेगळे काय होते? पैसे देण्यासाठी दोघे एकमेकांचे हात धरतात, भांडतात, आणि कालचे कोणी दिले होते हे दोघांनाही पक्के ठाऊक असते.

परक्याची चौकशी करण्याच्या बाबतीत मात्र दोघांचे मार्ग भिन्न आहेत. तिकडे वय, पगार, लग्न यांविषयी प्रथम भेटीत विचारणे गैर. आपल्याकडे न विचारणे गैर. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची शकुंतला गाडी धावत होती तेव्हा तिच्या डब्यात, आणि आता एस. टी.त, पहिला प्रश्न ठरलेला : 'कोनतं गाव?' मग 'कोनाचे?', मग आडनाव, आणि दोन स्टेशने जाण्याआधी कुठले तरी सोयरेपण निघते. यात आपुलकी आहे, हे खरे. पण आडनाव विचारण्यामागे पुष्कळदा दुसराच एक प्रश्न दडलेला असतो, आणि उत्तर मिळताच विचारणाऱ्याचा आवाज बदलतो, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्या शिष्टाचाराचे गोडवे गाताना ही बाजू झाकून चालणार नाही. मित्राने मित्राला म्हटलेला 'बे' वेगळा, आणि शेतमालकाच्या दहा वर्षांच्या मुलाने साठ वर्षांच्या मजुराला म्हटलेला 'बे' वेगळा. तो बोलीचा गोडवा नव्हे. ती मग्रुरी आहे, आणि ती प्रमाण मराठीतही तितकीच करता येते. एके काळी महार समाजातील माणसाने 'जोहार' म्हणावे, बरोबरीचा 'रामराम' नव्हे, असा दंडक होता. तो झुगारून 'जय भीम' हे अभिवादन आले. त्याच्या प्रसाराचे श्रेय आपल्या विदर्भातल्याच कामठीच्या बाबू हरदास (१९०४–१९३९) यांना दिले जाते. दोन शब्दांच्या अभिवादनाने मान वाकवण्याची रीत मोडली. 'मेट'चे कौतुक करणाऱ्या देशालाही हा डाग चुकलेला नाही. १९०१ पासून गोऱ्यांखेरीज इतरांना बाहेर ठेवणारे धोरण तेथे होते; त्याचे शेवटचे अवशेष १९७३ मध्ये गेले. तोवर आपल्यापैकी कोणाला तिकडे जाऊन 'मेट' होण्याची संधी जवळजवळ नव्हतीच.

राहिला निरोप. वऱ्हाडात, आणि साऱ्या महाराष्ट्रातच, निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. निघालेल्याला 'कुठे' विचारीत नाहीत, 'कोनीकडे?' विचारतात. दुकान बंद करीत नाहीत, वाढवतात. फुटलेली बांगडीही वाढवलेलीच असते. ऑस्ट्रेलियातला दुकानदार गिऱ्हाइकाला निरोप देताना म्हणतो, 'नंतर भेटू.' नवा विद्यार्थी थबकतो आणि विचारतो, केव्हा? तसेच परप्रांतातून आलेला एखादा मनुष्य आपल्या 'येतो' वर विश्वासून दाराशी वाट पाहत उभा राहील, तर त्याला हसू नये. पाण्याचा गडवा द्यावा आणि आत बसवावे.