पहिला मुखवटा कोणाचा?

अकोले तालुक्यातील १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे आमच्या जिल्ह्याचे, किंबहुना साऱ्या महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर. परंतु याच जिल्ह्यातल्या तिसगावचा जो तरुण नोकरीनिमित्त मुंबईहून आखाताची वाट धरतो, तो विमानात बसल्या जागी सुमारे २४०० मीटर उंचीवर असावी तितक्या विरळ हवेत श्वास घेत असतो आणि त्यास त्याची वार्ताही नसते. बाहेर, ११ हजार मीटरांवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या चतुर्थांशाहूनही कमी असल्यामुळे इंजिनांतून काढलेली दाबयुक्त हवा निववून केबिनमध्ये अखंड सोडण्याची तजवीज केलेली असते. ती चुकली की पहिली झळ उभ्याने राबणाऱ्या विमानसेवकवर्गास लागते, कारण श्रमणारे शरीर प्राणवायू लवकर संपविते.

२० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपुरास निघालेल्या जेट एअरवेजच्या बोइंग ७३७ विमानात ही हवा आत घेणारा स्विच चालू करावयाचा राहून गेला, असे विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितले. १६६ प्रवाशांपैकी तीसएकांना त्रास झाला. कुणाच्या नाकातून, कुणाच्या कानातून रक्त आले, कुणाचे मस्तक ठणकू लागले, आणि विमान मुंबईस परतले.

अशा वेळी विमानसेविकेस जो सक्त दंडक घालून दिलेला असतो, तो आपल्या आतिथ्याच्या कल्पनांना चमत्कारिक वाटेल. प्राणवायूचे मुखवटे वरून लोंबताच तिने हातातली ट्रॉली जागीच अडवावी, जवळचा मिळेल तो मुखवटा प्रथम स्वतःस लावावा, आसन रिकामे नसेल तर प्रवाशांमध्ये दाटीवाटीने बसावे, आणि शेजारचे मूल रडत असले तरी त्याच्याकडे त्यानंतरच वळावे! याला स्वार्थ म्हणणाऱ्याने एवढे ध्यानी घ्यावे की ११ हजार मीटरांवर शुद्ध विचाराची मुदत अर्ध्या ते एका मिनिटाची असते, आणि प्राणवायूची न्यूनता वेदना न देता उलट खोटी प्रसन्नता देते. मुखवटा ओढताच डोक्यावरच्या डब्यातील सोडियम क्लोरेट तापून प्राणवायू देऊ लागते. करपल्याचा वास येतो, मुखवट्याची पिशवी फुगतेच असे नाही, आणि घाबरलेला प्रवासी चालता मुखवटा काढून टाकतो. पुरवठा सुमारे १२ मिनिटांचा, तेवढ्यात वैमानिकाने ३००० मीटरांपर्यंत उतरावे हा हिशेब.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या विमानाचे सुमारे साडेपाच मीटर लांबीचे छत ७३०० मीटरांवर उडाले, तेव्हा हा हिशेबच कोलमडला. प्राणवायूची नळी तुटलेली, क्लॅराबेल लान्सिंग ही ज्येष्ठ सेविका बाहेर फेकली गेलेली, आणि मिशेल होंडा ही दुसरी जखमी सेविका आसनांमधल्या वाटेत सरपटत प्रवाशांना धीर देत होती. प्रत्येक उड्डाणात फुगणारा आणि आकसणारा तो पत्रा ८९ हजारांहून अधिक उड्डाणांनी थकला होता. विमानात चढताना एका प्रवासी महिलेस त्यावर भेग दिसली होती, असे चौकशीत निघाले. दारात उभ्या सेविकांपैकी कोणाच्याही कानी तिने ते घातले नव्हते.