पेन्सिल सेलएवढं शेवाळ

पाऊस स्थिरावला की सिंधुदुर्गातल्या बांदा गावात चिऱ्याच्या गडग्यांवर आणि विहिरींच्या कठड्यांवर हिरवा थर चढतो. त्याची दखल घेतली जाते ती पाय घसरल्यावरच. भातखाचरातल्या शेवाळाचं नशीब मात्र बरं. हवेतला नत्र जमिनीत आणण्याचं काम हे नील-हरित शेवाळ करतं, असं पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिलं आणि पुढे त्याचं जैविक खत झालं. लावणीनंतर आठवड्याभराने हेक्टरी १० किलो भुकटी फेकायची, बस्स.

सूक्ष्मजीवांपासून वीज मिळवण्याची कथा त्याहूनही जुनी आहे, पण ती फार रखडत चालली.

१९११ मध्ये इंग्लंडमधल्या डरहॅमचे वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल पॉटर यांनी यीस्ट आणि जिवाणूंच्या द्रावणात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बुडवले. दाब मिळाला जेमतेम अर्धा व्होल्ट. वीस वर्षांनी अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी असे अनेक घट एकापुढे एक जोडून ३५ व्होल्टच्या वर मजल मारली. प्रवाह मात्र दोन मिलिअँपियर. एवढ्याशा प्रवाहावर काय चालवणार?

यीस्टला साखर घालावी लागते. शेवाळाला ऊन आणि पाणी पुरतं, म्हणून पुढे लक्ष त्याच्याकडे वळलं. प्रकाशसंश्लेषणात पाण्याचा रेणू फुटतो आणि इलेक्ट्रॉन सुटतात. बहुतेक इलेक्ट्रॉन पेशी स्वतःच वापरते. थोडे बाहेर निसटतात. ते इलेक्ट्रोडवर गोळा करून तारेतून फिरवले की वीज. सगळी अडचण त्या ‘थोडे’मध्ये आहे.

केंब्रिज विद्यापीठात ख्रिस्तोफर हाऊ आणि पाओलो बॉम्बेली यांनी हा धागा चिकाटीने धरला. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, बॉम्बेलींच्या घरच्या खिडकीत एक डबी ठेवलेली होती. आकार साध्या पेन्सिल सेलएवढा, आत सायनेकोसिस्टिस जातीचं नील-हरित शेवाळ आणि ॲल्युमिनियमचा इलेक्ट्रोड. तिच्यावर आर्म कंपनीचा छोटा प्रोसेसर जोडला होता. ४५ मिनिटं बेरजा, १५ मिनिटं विश्रांती, असा त्याचा क्रम सहा महिन्यांहून जास्त चालू राहिला. रात्रीसुद्धा! दिवसा साठवलेलं अन्न शेवाळ अंधारात वापरतं, तेव्हाही प्रवाह तुटत नाही. मे २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर बातम्या झळकल्या.

बातम्यांत एक गोष्ट बाजूला पडली. वीज थेट शेवाळातून येते, की शेवाळामुळे ॲल्युमिनियम गंजतं आणि त्यातून येते? संशोधकांनी स्वतःच दोन्ही शक्यता मांडल्या होत्या. हा प्रश्न किरकोळ नाही. गंजणाऱ्या धातूची वीज म्हणजे शेवटी धातू संपेपर्यंतचीच वीज.

आकड्यांतही भान हवं. बेरजा करताना त्या प्रोसेसरला लागत होती ०.३ मायक्रोवॅट वीज. बांद्याच्या शेजारच्या तिलारी जलविद्युत केंद्राची क्षमता ६० मेगावॅट. या हिशेबाने तिलारीची बरोबरी करायला दोनशे लाख कोटी डब्या लागतील. तेव्हा शेवाळावर गावात दिवे लावण्याच्या गप्पा सोडाव्यात. तेरेखोल नदीच्या पुराचं पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरण्याआधी पातळी टिपणारा एखादा सेन्सर, हे कदाचित जमेल. तिथेही पातळी मोजणं स्वस्त, ती कळवणं महाग: संदेश पाठवणाऱ्या रेडिओला प्रोसेसरच्या हजारो पट वीज लागते. ती थेंबाथेंबाने कपॅसिटरमध्ये साठवून अधूनमधूनच निरोप धाडता येईल, आणि पूर काही तेवढा वेळ देत नाही.