बाटलीतले जिवाणू आणि हिवरेचं पाणी

पर्यावरण दिन आला की नदीशुद्धीच्या घोषणांना पूर येतो. त्यातली सध्याची लाडकी घोषणा म्हणजे ‘जिवाणू सोडा, नदी स्वच्छ करा’. यात ना खोदकाम, ना भूसंपादन. कॅन आणायचे आणि नाल्यात ओतायचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत महाराष्ट्रातले 53 प्रदूषित नदीपट्टे होते. त्यांत गिरणा होती आणि आपल्या पाचोऱ्याची हिवराही.

दोघींचं दुखणं मात्र वेगळं. हिवरेत मुख्यतः गावाची गटारं उतरतात. गिरणेला वर मालेगावात मोसम नदी मिळते, ती यंत्रमागांच्या आणि प्लास्टिक गिट्टी कारखान्यांच्या गावातून येते. गटाराच्या पाण्यावर जिवाणू आपसूक वाढतात, ते विकत आणावे लागत नाहीत. खरी परीक्षा कारखान्याच्या पाण्याची.

त्यातही सगळ्यांत हट्टी म्हणजे कापडाचा रंग. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं याच रंगाचा पाठपुरावा केला. रंगाच्या सांडपाण्याने माखलेल्या मातीतून त्यांनी ‘स्यूडोमोनास’ कुळातला एक जिवाणू वेगळा काढला आणि त्याला विद्यापीठाच्या आद्याक्षरांवरून एसयूके-1 हे नाव दिलं. लिटरमागे 50 मिलिग्रॅम ‘रेड बीएलआय’ हा कापडाचा रंग असलेल्या द्रावणात त्याने तासाभरात जवळपास सगळा रंग उडवला. तापमान होतं 30 अंश आणि चंचुपात्र हलवायचं नव्हतं. कारण रंगाच्या रेणूतला अ‍ॅझो बंध हे जिवाणू तोडतात ते प्राणवायू नसताना. पाणी ढवळलं की काम मंदावतं. शिवाय रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाही. बंध तुटल्यावर अमाइन नावाची द्रव्यं उरतात, त्यांतली काही कर्करोगाला निमंत्रण देणारी. ती मोडायला दुसऱ्या टप्प्यात भरपूर हवा लागते.

आता हे सगळं गिरणेच्या पात्रात करून पाहा. उन्हाळ्यात पारा 45 ला टेकलेला, पात्र कोरडं, डोहात तेवढं साचलेलं काळं पाणी. आणि धरणातून आवर्तन सुटलं की ओतलेले जिवाणू थेट तापीच्या दिशेने. विरजण लावलेलं भांडं कोणी सारखं हलवत बसत नाही. जिवाणूंनाही एका जागी राहायला टाकी लागते, ठरलेला वेळ लागतो. जड धातू आणि क्षार तर कोणताच जिवाणू नाहीसे करत नाही. फार तर धातू गाळात बांधून ठेवतो.

मग घोषणा इतकी लाडकी का? 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बजावलं की 31 मार्च 2020 पर्यंत नाल्यांवर निदान जागच्या जागी जैविक उपाय सुरू करा, नाहीतर नाल्यामागे दरमहा 5 लाख रुपये भरा. हेतू चांगलाच होता. सांडपाणी प्रकल्प होईपर्यंतची ती तात्पुरती सोय होती. पण आपल्याकडे तात्पुरती सोयच कायमची होते. प्रकल्पाला जागा, वीज आणि रोजची देखरेख लागते. कॅनला फक्त निविदा पुरते.

गंमत म्हणजे नदी प्रदूषित ठरते तीच जिवाणूंच्या भुकेवरून. पाण्यातली घाण खाताना ते किती प्राणवायू संपवतात, त्या आकड्याला बीओडी म्हणतात. लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर गेला की तो पट्टा यादीत. म्हणजे जिवाणू नदीत आधीच आहेत आणि पोटभर खाताहेत. टंचाई आहे ती प्राणवायूची. तिथे आणखी खाणारे सोडून काय साधणार?

टाकीत बांधलेल्या, हवा दिलेल्या जिवाणूंवर माझा पूर्ण विश्वास आहे. बाटलीतल्यांवर नाही. तेव्हा तुमच्या गावात असं काम निघालं, तर उद्‌घाटनाच्या फोटोवर समाधान मानू नका. काम सुरू होण्याआधीचा आणि सहा महिन्यांनंतरचा बीओडी, नमुना नेमका कुठून घेतला आणि कोणत्या प्रयोगशाळेत तपासला, एवढं नगरपालिकेकडे लेखी मागा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.